देव चांगला आहे, सर्वसमर्थ आहे, मग एवढं दुःख का? आणि दुःखातल्या माणसाला आपण काय सांगायचं?

निळाई (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. मी ख्रिस्ती आहे आणि विश्वास सोडायचा म्हणून हा धागा काढत नाहीये हे आधीच सांगते. पण एक गोष्ट फार दिवस डोक्यात घोळतेय ती मांडायची आहे. कुणाचं लहान मूल जातं, कुणाला ऐन तिशीत कॅन्सर निघतो, आणि भेटायला गेलेली आपलीच माणसं जे बोलतात ना, "देवाला तो जास्त आवडला म्हणून नेला", "यामागे देवाची काहीतरी योजना असणार", "देव सोसण्यापलीकडचं देत नाही", ते मला आता ऐकवत नाही. बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं, पण समोरच्याला त्यातून एवढंच ऐकू जातं की तू रडतोयस म्हणजे तुझा विश्वास कमी पडतोय.

आणि ते शेवटचं वाक्य बायबलमध्ये त्या अर्थाने नाहीच. करिंथकरांस पहिल्या पत्रात पौल, येशूचा प्रेषित, जे म्हणतो ते मोहात पडण्याबद्दल आहे, मूर्तिपूजेचा विषय चाललाय तिथे. दुःखाबद्दल तोच पौल दुसऱ्या पत्राच्या पहिल्याच अध्यायात लिहितो की आशियात आमच्यावर शक्तीपलीकडे भार पडला, इतका की जगण्याचीही आशा उरली नव्हती. म्हणजे सोसण्यापलीकडचं येतं, खुद्द पौलावर आलं आणि त्याने ते लपवलं नाही.

ईयोबाचं, म्हणजे बायबलमधल्या त्या निर्दोष माणसावर संकटं कोसळल्याचं, तर सगळ्यांना माहीत आहे असं आपण धरून चालतो, पण चर्चमध्ये ते वाचताना पहिले दोन अध्याय आणि शेवटचा अध्याय एवढंच वाचलं जातं, मधलं भांडण कोणी वाचत नाही. मुलं गेली, संपत्ती गेली, अंगभर फोड आले. अलीफज, बिल्दद आणि सोफर हे तिघे मित्र आले आणि सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसले, एक शब्द बोलले नाहीत. इथपर्यंत त्यांचं सगळं बरोबर होतं. मग ते बोलायला लागले, आणि जे बोलले ते अगदी भक्तिभावाचं, की देव न्यायी आहे, उगाच कुणाला शिक्षा देत नाही, तू काहीतरी केलं असशील, पश्चात्ताप कर. ईयोब मात्र देवावर सरळ आरोप करतो, समोर ये आणि उत्तर दे म्हणतो. आणि बेचाळीसाव्या अध्यायात देव रागावतो कुणावर, तर मित्रांवर! माझा सेवक ईयोब जसं माझ्याविषयी योग्य ते बोलला तसं तुम्ही बोलला नाहीत, असं अलीफजाला सुनावतो. देवाची बाजू लढवणाऱ्यांनाच देवाने दोष दिलाय, आणि आपण आजही अलीफजाचंच भाषण पाठ करून लोकांच्या घरी जातो.

माझं म्हणणं असं की दुःखाचं कारण शोधून ते दुःखी माणसाच्या हातात ठेवणं हे ख्रिस्ती माणसाचं कामच नाही. नास्तिक असा, दुसऱ्या धर्माचे असा, मोकळेपणाने लिहा.

सुकाणू

मी नास्तिक आहे. धागा मनापासून लिहिलाय म्हणून मीही तसंच लिहितो. कारण सांगायचं नाही असं ठरवल्याने प्रश्न सुटत नाही, नुसता बाजूला पडतो. देवाला वाईट थांबवायची इच्छा आहे पण ताकद नाही, तर तो सर्वसमर्थ नाही. ताकद आहे पण इच्छा नाही, तर तो चांगला नाही. इच्छाही आहे आणि ताकदही आहे, तर मग वाईट आलं कुठून? एपिक्युरस या ग्रीक तत्त्वज्ञाच्या नावावर असलेला हा युक्तिवाद लॅक्टॅन्शियस या ख्रिस्ती लेखकानेच चौथ्या शतकाच्या सुरुवातीला खोडून काढण्यासाठी लिहून ठेवला, अठराव्या शतकात ह्यूम या तत्त्वज्ञाने तो पुन्हा उचलला, १९५५ मध्ये जे. एल. मॅकी या तत्त्वज्ञाने तो तर्काच्या नेमक्या भाषेत मांडला. ज्या धर्मात अनेक देव आहेत किंवा देव मर्यादित आहे तिथे ही अडचण इतकी टोकाची होत नाही. तुमचा देव एकच, तोच निर्माता आणि तोच प्रेम, त्यामुळे तुम्हाला उत्तर द्यावंच लागेल.

वाटसरू

सुकाणू, प्रश्न रास्त आहे पण मॅकीला उत्तर मिळालेलं आहे. १९७४ मध्ये ॲल्विन प्लँटिंगा या ख्रिस्ती तत्त्वज्ञाने जे मांडलं ते थोडक्यात असं, की खरोखर स्वतंत्र इच्छा असलेली माणसं निर्माण करायची आणि त्यांनी कधीच वाईट निवडू नये याची खात्रीही करायची, ही गोष्ट देवाच्याही हातात असेलच असं नाही, कारण खात्री केली की स्वातंत्र्य संपलं, आणि स्वातंत्र्याशिवाय प्रेम म्हणजे बटण दाबलं की हलणारी बाहुली. देवाने असंच का केलं हे मला कळलंय असा प्लँटिंगाचा दावा नाहीच, त्याचं म्हणणं एवढंच की "देव आहे" आणि "वाईट आहे" ही दोन वाक्यं एकमेकांना खोडत नाहीत. आणि हे बऱ्याच नास्तिक तत्त्वज्ञांनीही मान्य केलंय, म्हणून वाद नंतर दुसरीकडे सरकला.

ऑगस्टीन या जुन्या ख्रिस्ती विचारवंताचंही सांगतो, कारण तो या प्रश्नाने स्वतः पोळलेला माणूस आहे. तरुणपणी तो मानी पंथात होता, कितीतरी वर्षं. त्यांचं म्हणणं जगात प्रकाश आणि अंधार अशा दोन शक्ती भांडतायत. ते सोपं उत्तर आहे, देवावर आळच येत नाही. ते सोडून तो इथे पोचला की वाईट ही स्वतंत्र वस्तूच नाही, चांगल्यात पडलेली ती तूट आहे, दृष्टी नसणं म्हणजे आंधळेपण तसं. देवाने वाईट घडवलं नाही, जे चांगलं घडवलं ते माणसाने मोडलं. मला तरी हे अजून पटतं.

अर्धविराम

वाटसरू, माणसाने माणसाला मारलं तिथपर्यंत हे चालतं हो, पण भूकंपाचं काय, त्यात कुणाची स्वतंत्र इच्छा होती? पोर्तुगालमधल्या लिस्बनचं उदाहरण घ्या, १ नोव्हेंबर १७५५, सर्व संतांचा सण, सकाळची वेळ, लोक चर्चमध्ये भरलेले, मेणबत्त्या पेटलेल्या, आणि भूकंप झाला, छपरं उपासकांच्याच अंगावर कोसळली, जे वाचून नदीकाठी मोकळ्या जागेकडे धावले त्यांच्यावर समुद्राच्या लाटा आल्या, आणि उरलेलं शहर पुढचे कितीतरी दिवस आगीत जळत होतं. हजारो माणसं गेली. त्याच्या पंचेचाळीस वर्षं आधी लायब्निट्स या जर्मन तत्त्वज्ञाने लिहून ठेवलं होतं की शक्य असलेल्या सगळ्या जगांत हेच सर्वांत चांगलं जग आहे, थिऑडिसी (जगात वाईट असूनही देव न्यायी आहे हे दाखवणं) हा शब्दही त्याचाच, तर त्या सगळ्या आशावादावर युरोपात तेव्हा लोक तुटून पडले, फ्रेंच लेखक व्होल्टेर सगळ्यात पुढे.

पण मला यात व्होल्टेरपेक्षा दुसरा माणूस महत्त्वाचा वाटतो, मालाग्रिडा नावाचा जेझुइट (एका कॅथलिक संघाचा) धर्मगुरू. त्याने दुसऱ्याच वर्षी पत्रक काढलं की भूकंपाचं कारण जमिनीखालचं काही नाही, लिस्बनकरांची पापं हेच कारण, आता तंबू आणि घरं बांधण्यात वेळ घालवू नका, पश्चात्ताप करा. म्हणजे ढिगारे उपसायचे सोडून कारण समजावणं चाललंय! निळाईंचा मुद्दा मला इथे शंभर टक्के दिसतो. त्याच वर्षी कांट हा तत्त्वज्ञ मात्र भूकंप नैसर्गिक कारणांनी कसे होतात यावर लिहीत होता. पुढे १७६१ मध्ये त्याच मालाग्रिडाला इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, मृत्युदंड दिला, तेही क्रूरच होतं, त्याचं समर्थन नाही.

आणि येशूने याबद्दल थेट बोलून ठेवलंय. लूकच्या शुभवर्तमानाचा तेरावा अध्याय. शिलोहातला बुरूज पडून अठरा माणसं मेली, ती काय यरुशलेमेतल्या बाकी सगळ्यांहून जास्त पापी होती असं वाटतं का तुम्हाला? मी सांगतो, नाही. योहान नऊमध्येही तेच, जन्मांध माणूस बघून शिष्य विचारतात पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापाचं, आणि येशू म्हणतो याचंही नाही, त्यांचंही नाही. इतकं स्वच्छ लिहिलेलं असून प्रत्येक पूर, प्रत्येक साथ आली की "पापाची शिक्षा" म्हणणारे उभे राहतातच.

सुकाणू

अर्धविराम, भूकंप हा मुद्दा बरोबर. त्याच्याही पुढे जातो. १९७९ मध्ये विल्यम रो या तत्त्वज्ञाने एक उदाहरण दिलं. दूरच्या जंगलात वीज पडून वणवा लागतो, हरणाचं पाडस त्यात भाजतं, काही दिवस तडफडतं आणि मरतं. कुणी माणूस बघत नाही, कुणाला धडा मिळत नाही, कुणाचा स्वभाव सुधारत नाही. पृथ्वीवर माणूस येण्याआधी कोट्यवधी वर्षं हेच चालू होतं, त्यामुळे आदामाच्या पापाचा हिशोबही लागत नाही. देव आणि हे दुःख एकत्र असणं तर्काने अशक्य आहे असं मी आता म्हणत नाही, वाटसरूंचा तेवढा मुद्दा मान्य. पण शक्यता कुठे झुकते ते बघा.

पिंपळपान

इरेनियसचं नाव कुणी घेतलं नाही अजून. दुसऱ्या शतकातला, लियॉनचा बिशप. त्याच्या मते माणूस परिपूर्ण घडून मग पडला असं नाही, तो कच्चाच घडला आणि वाढायचा आहे. जॉन हिक या तत्त्वज्ञाने १९६६ मध्ये हाच धागा पकडून म्हटलं की जग ही आरामाची जागा नाही, आत्मा घडण्याची जागा आहे. धैर्य, करुणा, क्षमा हे धोका आणि वेदना नसलेल्या जगात कुठून येणार? मला ऑगस्टीनपेक्षा हे जास्त पटतं कारण यात उत्क्रांतीही बसते.

उंबरठा

मी इथे सहसा फक्त वाचते.

माझा मुलगा गेला. आजारपणात गेला, लहान होता. वरचं आत्मा घडण्याचं वाचलं आणि लिहावंसं वाटलं. पिंपळपान, तुमच्यावर राग नाही. पण मला एवढं सांगा, मला घडवायला माझ्या मुलाला मरावं लागलं का? मी आता दुसऱ्याच्या दुःखाकडे जास्त बघते हे खरं आहे, लोक म्हणतात तू किती खंबीर झालीस. मला तसं व्हायचं नव्हतं. तो शिकवणीचा खर्च नाही, तो माणूस होता, त्याचं स्वतःचं आयुष्य होतं.

ईयोबाला शेवटी नवीन दहा मुलं होतात तो भाग मला वाचवत नाही. पहिली दहा परत आली असं कुठेच लिहिलेलं नाही.

मी प्रार्थना सोडली नाही. बरेच दिवस बायबलमधलं फक्त स्तोत्र ८८ वाचत होते. बाकीच्या विलापाच्या स्तोत्रांत शेवटाकडे कुठेतरी तरी "पण मी परमेश्वरावर भरवसा ठेवीन" असं वळण येतं, त्यात येत नाही, अंधारातच संपतं ते. ज्यांनी पवित्र शास्त्र एकत्र केलं त्यांनी ते काढून टाकलं नाही याचं मला फार बरं वाटतं. माझ्यासारखं कुणीतरी तेव्हाही होतं आणि त्यालाही देवाच्या पुस्तकात जागा मिळाली.

पिंपळपान

उंबरठा, तुमचा प्रतिसाद वाचून बराच वेळ काही लिहिलं नाही. तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. हिकलाही हे दिसत होतं की दुःख जितक्यांना घडवतं तितक्यांना मोडूनही टाकतं, म्हणून त्याला सगळा हिशोब मृत्यूनंतरच्या आयुष्यावर न्यावा लागला. एवढीच भर घालते आणि थांबते.

वाटसरू

उंबरठाताई, तुमच्यासाठी प्रार्थना करतो.

सी. एस. लुईस या ख्रिस्ती लेखकाचं आठवलं. १९४० मध्ये त्याने वेदनेच्या प्रश्नावर पुस्तक लिहिलं, अतिशय मुद्देसूद, देव वेदनेतून आपल्याला जागं करतो वगैरे. १९६० मध्ये त्याची बायको कॅन्सरने गेली. त्यानंतरच्या वह्यांमधून जे छोटं पुस्तक १९६१ मध्ये आलं ते त्याने टोपणनावाने छापलं, आणि त्यात युक्तिवाद जवळजवळ नाहीतच, देवाचं दार आतून बंद झाल्यासारखं वाटतंय असं लिहिलंय. विश्वास त्याने सोडला नाही. मला दोन्ही पुस्तकं लागतात, फक्त कुणाला कुठलं कधी द्यायचं हे कळलं पाहिजे.

केशरी_सकाळ

एक गोष्ट कुणीच बोलत नाहीये. दुःख "का" यावर एवढी चर्चा, पण दुःख देणारा माणूस समोर उभा असतो तेव्हा? नवरा मारतो आणि बाईला सांगितलं जातं "तुझा क्रूस तू वाहा". लहानपणी चर्चमधल्याच मोठ्या माणसाने अत्याचार केलेले असतात आणि पीडितालाच सांगितलं जातं की क्षमा कर, प्रभूने नाही का केली. हे मी जवळून बघितलंय, कुणाचं ते लिहिणार नाही. तिथे दुःखाला अर्थ देणं म्हणजे सरळ सरळ गुन्हेगाराला मदत करणं आहे. येशूचा क्रूस त्याने स्वतः पत्करला होता, "माझा जीव कोणी माझ्यापासून घेत नाही, मी तो स्वतः देतो" असं योहान दहामध्ये आहे. मार खाणाऱ्या बाईने काही पत्करलेलं नसतं. तिला धर्मशास्त्र नको, दार उघडून बाहेर काढणारं कुणीतरी हवं, आणि मग पोलीस. बरं करण्याचे चमत्कार करताना येशूने एकालाही "हे दुःख ठेव, तुझ्या भल्याचं आहे" असं म्हटलेलं मला शुभवर्तमानात सापडलेलं नाही. आला, बरा केला.

अर्धविराम

केशरी_सकाळ +१००. हा प्रतिसाद वर पिन करायला हवा.

निळाई

केशरी_सकाळ, हे लिहिलंत म्हणून मनापासून आभार. उंबरठा, तुम्हाला काय लिहू कळत नाही, स्तोत्र ८८ मी काल पुन्हा वाचलं, एवढंच.

सुकाणू, तुम्ही उत्तर मागितलंत. माझ्याकडे तुमच्या युक्तिवादाला युक्तिवाद नाही. माझ्याकडे वधस्तंभ आहे. ज्या देवावर मी विश्वास ठेवते तो वरून बघत बसलेला नाही, तो अटकेआधीच्या रात्री गेथशेमाने बागेत हा दुःखाचा प्याला टळो म्हणून विनवतो आणि प्याला टळत नाही. मरताना तो स्तोत्र बावीस ओरडतो, "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" हा "का" खुद्द येशूने विचारलाय, त्यामुळे तो विचारणं पाप असूच शकत नाही. बोन्हॉफर या जर्मन धर्मगुरूने १९४४ च्या जुलैमध्ये नाझींच्या तुरुंगातून मित्राला लिहिलं की फक्त दुःख सोसणारा देवच मदत करू शकतो, आणि पुढच्या एप्रिलमध्ये त्याला फाशी दिलं. मोल्टमान हा जर्मन धर्मशास्त्रज्ञ तेव्हा सोळा-सतरा वर्षांचा होता, १९४३ मध्ये हॅम्बर्गवरच्या बॉम्बहल्ल्यात त्याच्या शेजारी उभा असलेला मित्र मेला, हा वाचला. देव कुठे आहे हा प्रश्न त्याला तिथे पहिल्यांदा पडला आणि आयुष्यभर त्याचं सगळं धर्मशास्त्र त्यातूनच आलं. वर्गात बसून रचलेलं नाहीये हे.

सुकाणू

निळाई, तुमच्या पोस्टचा आदर आहे. पण दुःख सोसणारा देव मला पुरत नाही. मी आजारी आहे आणि डॉक्टर माझ्या शेजारच्या खाटेवर येऊन झोपला, त्यालाही तोच ताप आला, तर मला तो माणूस म्हणून आवडेल, पण औषध त्याच्याकडे असताना तो ते का देत नाही हे मी विचारणारच. आणि पुढे स्वर्गात सगळं ठीक होईल म्हणाल तर रशियन लेखक दोस्तोयेव्हस्कीच्या कादंबरीतला इव्हान कारामाझोव्ह आठवा. एका छळलेल्या मुलाच्या अश्रूंवर जर शेवटचा सुसंवाद उभा राहणार असेल तर मला तो नको, मी माझं तिकीट आदरपूर्वक परत करतो, असं तो म्हणतो. भरपाई झाली म्हणून घडलेलं न घडलेलं होत नाही.

निळाई

इव्हानचं ते प्रकरण मी दर वेळी वाचते तेव्हा त्याच्याच बाजूने असते. आणि तो युक्तिवाद लिहिणारा माणूस ख्रिस्ती होता, हे विसरू नका. दोस्तोयेव्हस्कीचा अल्योशा नावाचा मुलगा १८७८ मध्ये गेला, तीन वर्षांचाही नव्हता, आणि त्यानंतर लिहिलेल्या या कादंबरीत त्याने इव्हानच्या विश्वासू भावाला तेच नाव दिलं. इव्हानला तोंडावर हरवणारं भाषण त्याने कुणाच्याच तोंडी घातलं नाही.

औषध का देत नाही, याचं उत्तर माझ्याकडे नाही, हे मी सरळ सांगते. पण ख्रिस्ती दावा देव शेजारी झोपला एवढ्यावर थांबत नाही, तो उठला असं आम्ही म्हणतो. पुनरुत्थान खरं नसेल तर तुमचं म्हणणं पूर्ण बरोबर आहे, पौलही तेच म्हणतो, मग आम्ही सगळ्यात कीव करण्यासारखे. आणि ते खरं असेल तरी आजचं रडणं चूक ठरत नाही. लाजर या मेलेल्या मित्राच्या कबरेपाशी येशूला ठाऊक होतं की थोड्या वेळात आपण याला उठवणार आहोत, तरी तो रडला. लाजराच्या बहिणीला, मरीयेला, "थांब, बघ आता काय करतो" म्हणाला नाही, आधी रडला. शेवट गोड आहे हे माहीत असणाऱ्याने सुद्धा!

पिंपळपान

मराठी वाचकांनी पंडिता रमाबाईंकडेही बघायला हवं असं मला वाटतं. दुष्काळाच्या काळात आई-वडील आणि मोठी बहीण गेली, मग भाऊ, मग लग्नाला दोनेक वर्षं होतात तोच नवरा. ख्रिस्ती त्या नंतर झाल्या, १८८३ मध्ये. विश्वास धरला म्हणून दुःख थांबलं का, तर नाही, १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली आणि पुढच्या वर्षी त्या स्वतः. आणि या दोन टोकांच्या मध्ये त्यांनी दुष्काळातल्या मुली आणि विधवा शेकड्यांनी घरात आणल्या. भूक त्यांनी स्वतः पाहिली होती, त्यामुळे आधी आसरा, मग बाकीचं.

नवखा_वाचक

सगळा धागा एका बैठकीत वाचला. तत्त्वज्ञान मला फार कळत नाही, एक सरळ प्रश्न आहे. माझ्या मित्राची बायको अचानक गेली, ते ख्रिस्ती कुटुंब आहे, मी नाही. दोन दिवसांत त्याला भेटायला जायचंय. बोलायचं काय?

उंबरठा

तिचं नाव घ्या. लोक नाव घ्यायचं टाळतात, त्यांना वाटतं त्याला आठवण होईल. आठवण होतच असते. तिच्याबद्दल तुम्हाला काही आठवत असेल तर ते सांगा, लहानसं असलं तरी चालेल.

"निदान" या शब्दाने कुठलंच वाक्य सुरू करू नका. निदान त्रास झाला नाही, निदान मुलं मोठी आहेत, काही नको. तो देवावर चिडला तर देवाची बाजू घेऊ नका, तुम्ही ख्रिस्ती नाही म्हणून त्याला दुजोराही देऊ नका, ऐकून घ्या. काही लागलं तर सांग असं म्हणू नका, तो सांगणार नाही. बँकेची, दवाखान्याची कागदपत्रं पडलेली असतात, ती घेऊन बसा.

आणि पहिले पंधरा दिवस घर भरलेलं असतं. तुम्ही दोन महिन्यांनी पुन्हा जा, तेव्हा कुणी येत नाही.

नवखा_वाचक

धन्यवाद ताई. लिहून घेतलं. दोन महिन्यांनंतरची तारीख फोनमध्ये टाकून ठेवली आहे.